खांदा मागायला कोणी आलं नाही

गेल्या महिन्यात आमच्या सेवा मंडळाचा वार्षिक समारंभ झाला. जुन्नरच्या बाजारपेठेत मांडव घातला होता. मामलेदारसाहेब आले, मुलींनी स्वागताचं पद म्हटलं आणि मी मंडळाचा इतिहास वाचून दाखवला. मी मंडळाचा चिटणीस आहे. शाळेत मास्तर असल्यामुळे लिहिण्यावाचण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आलं. वाचून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अध्यक्षांनी माझ्या गळ्यात हार घातला. त्या इतिहासात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. पण घरी येऊन हार खुंटीला अडकवला आणि जेवण गेलं नाही. तिथे जे वाचलं नाही ते इथे लिहितो आहे.

मंडळ काढलं ते शेठने. शेठचं पेठेत कापडाचं दुकान होतं. त्याचे आजोबा मारवाडातून आले होते, पण शेठ आमच्यासारखंच मराठी बोलायचा, आमच्याबरोबरच शिकला होता. मी डिंगोऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेसाठी जुन्नरला खोली घेऊन राहायचो तेव्हा त्याच्या आईच्या हातचं पुष्कळ जेवलो आहे. पुढे तो दुकानावर बसला, मी शाळेत लागलो, आणि संध्याकाळी त्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसायचा आमचा परिपाठ पडला.

प्लेग पहिल्यांदा आला तेव्हा निम्मं गाव माळावर खोपटी बांधून राहायला गेलं. ज्यांना जाता आलं नाही ते दारं लावून बसले. कोणाच्या घरी माणूस गेलं तरी शेजारी बाहेर यायचे नाहीत. मग प्लेगची गाडी यायची. साधी बैलगाडी, वर गोणपाट. गाडीवान तोंडाला फडकं बांधून यायचा, घरच्यांनी प्रेत उंबऱ्यापर्यंत आणून दिलं की गाडीत घालायचा आणि कुकडी नदीवर नेऊन सोडायचा. त्या गाडीच्या एका चाकाला वंगण नव्हतं. तिचा करकर आवाज आला की लोक घरातली बोलणी थांबवायचे.

शेठचा थोरला भाऊ त्या गाडीतून गेला. शेठ घरोघर हिंडला. त्याच्या जातीतल्या लोकांची दारं त्याने वाजवली, आमचीही वाजवली. मी तेव्हा डिंगोऱ्याला गेलो होतो, एवढं मला म्हणता येतं. कोणी निघालं नाही. भाऊ गाडीतून गेला आणि शेठ एकटा मागून चालत गेला.

"धान्याची गोणी नेतात तसा नेला रे," तो मला नंतर म्हणाला. "वळणावर गाडी हलली की त्याचं डोकं फळीवर आपटायचं. मी हात घालून धरायला गेलो तर गाडीवान म्हणाला, शेठ, हात लावू नका."

त्यानंतर महिना गेला. मग एका संध्याकाळी ओट्यावर आम्हाला बसवून त्याने सांगितलं की या गावातलं कोणीही आता गाडीतून जायचं नाही. चार खांदे आपण द्यायचे. ज्याला भीती वाटत असेल त्याने आत्ताच उठून जावं.

कोणी उठलं नाही. त्यात एक राजुरीचा गडी होता. गावात त्याची थोडी जमीन आणि घर होतं. अंगाने दांडगा आणि जिभेला हाड नाही. त्याला आम्ही राजुरीकरच म्हणायचो. तो म्हणाला, "शेठ, कापडाच्या गाठी उचलून खांदं तयार हायेत तुमचं. आमचं बी हायेतच. पर तिरडी उचलली आन् मलाच गाठ आली तर?"

"तर तुझी तिरडी आम्ही उचलू."

"आन् लई जड झालो तर?"

"मग तुला गाडीतून नेऊ," शेठ म्हणाला, आणि आम्ही हसलो. भाऊ गेल्यावर तो पहिल्यांदाच हसला.

त्या ओट्यावर मंडळ निघालं. नाव नंतर ठेवलं. कोरं कापड शेठच्या दुकानातून यायचं, बांबू राजुरीकर आणायचा. शेठने दोनतीन नियम केले. बोलावल्याशिवाय जायचं नाही, कारण आजारी माणूस अजून जिवंत असताना खांदेकरी दारात उभे राहिले तर घरच्यांच्या काळजाचं पाणी होतं. म्हणून घरातल्या पुरुषाने ओट्यावर येऊन "खांदा द्या" एवढं म्हणायचं. म्हटलं की निघायचं, कोण म्हणतो ते विचारायचं नाही. आणि घरात पुरुष नसेल तर बायकामाणसं ओट्यावर कशी येणार? तेव्हा अशा घरी आपल्यापैकी एकाने जायचं, दाराबाहेर उभं राहायचं आणि विचारायचं, "खांदा हवा का?"

हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा. सगळं त्यावरच आलं.

दोन साथी आम्ही काढल्या. आमच्यातलं कोणी दगावलं नाही, याचं आम्हालाच नवल वाटायचं. प्रेत उचलून आलं की नदीवर अंघोळ करायची, गावाबाहेरच्या धर्मशाळेत राहायचं, आणि शेठची बायको भाकरी बांधून पाठवायची. तिला मी वहिनी म्हणायचो. ती आंबेगावच्या व्यापाऱ्याची मुलगी. तोंडाने फटकळ होती. "भाऊजी, तुमच्या वाटची चटणी जास्त तिखट केलीय, म्हणजे गाठ जवळ येणार नाही," असा तिचा निरोप भाकरीबरोबर यायचा. त्यांना मूल नव्हतं. तिची सासूही तोवर गेली होती. घरात ती दोघंच.

गावाने आम्हाला मान द्यायला सुरुवात केली. नाही म्हणत नाही, मला तो आवडला. रस्त्याने जाताना लोक बाजूला होऊन नमस्कार करायचे. गावातले वकील मंडळात आले आणि अध्यक्ष झाले. शेठला अध्यक्षपण नकोच होतं. मंडळाला देवळाच्या आवारात एक खोली मिळाली. वर पाटी लागली.

तिसऱ्या साथीत वेशीबाहेरच्या वस्तीत एक म्हातारी मागे राहिली. वस्तीतले बाकीचे लोक रानात पांगले होते. तिचा तरणा मुलगा गेला, आणि त्याला पुरायला न्यायला कोणी नव्हतं. ती जोडे शिवणाऱ्यांपैकी. तिच्या हातचं पाणी आम्ही कोणी घेत नव्हतो. शेठला हे कळलं ते दुकानात. तो उठला, कोरं कापड फाडून घेतलं आणि निघाला. वाटेत शाळेशी मी भेटलो.

"चल," म्हणाला.

मी विचारलं, "कुठे?" त्याने सांगितलं. मी म्हणालो, "शेठ, तिने बोलावलंय का?"

"तिच्या घरात पुरुष नाही. आपण विचारायला जायचं, असंच ठरलंय ना?"

मी वेशीपर्यंत गेलो. वेशीपुढे माझे पाय निघेनात. शाळेत हे कळलं तर पोरं काढून नेतील, घरी कळलं तर आई चुलीपाशी येऊ देणार नाही, असं सगळं एकदम मनात आलं. शेठने माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं. त्याने डोक्यावरची पगडी काढली आणि माझ्या हातात दिली. "मग एवढी धर," म्हणाला. "मातीत काम आहे."

रानातून परत आलेले त्याच वस्तीतले दोघे त्याला मिळाले आणि चौथा खांदा म्हातारीने दिला, असं मला नंतर समजलं. मी वेशीत पगडी धरून उभा होतो. तेवढ्यात पेठेतले एक गृहस्थ आले. म्हणाले, "काय मास्तर, ही पगडी कोणाची? शेठ कुठे गेले?" त्यांचा आवाज साधा होता. त्यांना काही माहीत असेल असंही नाही. पण मी ती पगडी वेशीच्या दगडावर ठेवली आणि म्हणालो, "मला काय माहीत. इथेच होती." आणि त्यांच्याबरोबर बोलत बोलत पेठेत गेलो.

शेठ परत आला तेव्हा पगडी दगडावरून खाली धुळीत पडली होती. हे मी पाहिलं नाही, राजुरीकराने पाहिलं. शेठने ती झटकली आणि डोक्यावर घातली. मला तो त्याबद्दल कधी काही बोलला नाही. पुष्कळदा वाटतं, बोलला असता तर बरं झालं असतं.

गावात गवगवा झाला. शेठच्या जातीच्या पंचांनी त्याला वाळीत टाकलं. मंडळात सगळ्यात जास्त आरडाओरडा राजुरीकराने केला.

"आमी खांदा देतो ते पुण्याचं काम म्हनून," तो म्हणाला. "उद्या मी कुनाच्या घरी जेवायला जायचं? माझी पोरगी कोन करून घेईल? शेठ, तुमाला पोरबाळ न्हाई, तुमचं काय जातंय!"

हे शेवटचं बोलल्यावर त्याने जीभ चावली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

वकील शांतपणे म्हणाले की शेठनी प्रायश्चित्त घ्यावं, पंचगव्य घ्यावं, म्हणजे प्रश्न मिटेल. शेठ म्हणाला, "मी तिच्या मुलाला खांदा दिला. यात मिटवायचं काय आहे?" आणि उठून गेला. तो पुन्हा मंडळाच्या खोलीत आला नाही. दुकानावर गिऱ्हाईक कमी झालं. मी संध्याकाळी ओट्यावर जायचं बंद केलं. आधी आठवड्यातून एकदा जायचो, मग बाजूच्या गल्लीने घरी जाऊ लागलो.

पुढे वकिलांनी सुचवलं की मंडळाचे नियम नीट लिहून काढावेत. तोंडी नियमांमुळे घोटाळे होतात. ते काम मी केलं. वकील म्हणाले, "मास्तर, ते दारोदार जाऊन विचारण्याचं कलम ठेवू नका. त्यानेच हे सगळं झालं. ज्याला गरज असेल तो येईल." मी म्हणालो, "ज्या घरात पुरुष नाही..." ते म्हणाले, "नातेवाईक असतोच की कोणीतरी." मी मान हलवली. लिहिताना मी ते वाक्य गाळलं. खरं सांगायचं तर वकिलांनी सांगितलं नसतं तरी मी ते गाळलं असतं. त्या वाक्यामुळे मला वेशीत उभं राहावं लागलं होतं. ते नसलं म्हणजे पुन्हा तशी वेळ येणार नव्हती. सभेत नियम मी वाचून दाखवले. काय राहिलं ते कोणी विचारलं नाही. शेठला ते कळवावं असंही कोणाला वाटलं नाही.

त्यानंतरच्या साथीत शेठला ताप आला. गाठीचा होता की साधा, कोणी पाहिलं नाही. पेठ ओस पडली होती, त्याच्या जातीची घरं तर आधीच गाव सोडून गेली होती, आणि असती तरी ती आली नसती. सकाळी दूधवाल्याने मंडळाच्या खोलीत येऊन सांगितलं, "कापडवालं शेठ गेलं. वहिनी एकटीच हाय घरात."

आम्ही जमलो. बांबू कोपऱ्यात होते. कोरं कापडही होतं. पूर्वी ते त्याच्याच दुकानातून यायचं, आता दुसरीकडून आणावं लागायचं. सगळे पायताणं घालून तयार बसले. कोणीतरी उठायला लागलं तेव्हा वकील म्हणाले, "थांबा. निरोप आलाय का?"

"दूधवाला सांगून गेला न्हवं?" राजुरीकर म्हणाला.

"ती बातमी झाली. खांदा मागायला घरचं कोणी आलंय का? एकदा त्या गृहस्थांनी आपल्याकडे पाठ फिरवली आहे. न बोलावता दारात गेलो आणि त्यांच्या बायकोने नको म्हटलं, तर मंडळाची काय शोभा राहील? मास्तर, नियम काय आहे?"

मी नियम वाचला. मला तो पाठ होता, तरी कागद समोर धरून वाचला. घरातल्या पुरुषाने येऊन मागितल्याशिवाय मंडळ जाणार नाही.

"आरं पर तिच्या घरात पुरुष हाय कुठं?" राजुरीकर म्हणाला. "मास्तर, तवा आपलं ठरलं व्हतं ना, की अशा घरी आपनच..."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खोलीत सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते आता नियमात नाही."

"न्हाई? कवा काढलं?"

"लिहिताना."

वकील म्हणाले, "तिचा भाऊ आंबेगावला आहे. तो येईल. तो आला की तो मागेल. आपण तयार बसू. आपल्याला जायचं नाही असं थोडंच आहे?" हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. आम्ही तयार बसलो. ऊन चढलं. कोणी विडी ओढली, कोणी पाणी प्यालं. राजुरीकर दारात उभा राहून पेठेकडे पाहत होता. आपण एखादं चांगलं काम करायच्या बेतात आहोत, असंच त्या खोलीत सगळ्यांना वाटत होतं.

मग चाक करकरलं.

आम्ही बाहेर आलो. गाडी देवळासमोरून चालली होती. गोणपाटाखाली एकच माणूस होतं. मागून वहिनी चालत होती. बायका प्रेताबरोबर नदीवर जात नाहीत. पण तिच्याशिवाय जायला कोणी नव्हतं. तिने एक हात गाडीत घातला होता. पहिल्यांदा मला कळलं नाही की कशाला. मग गाडी खड्ड्यात गेली, हलली, आणि कळलं. ती त्याचं डोकं धरून चालली होती.

आम्ही ओळीने उभं राहून हात जोडले. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

राजुरीकराने पायरीवरून उडी मारली आणि धावत जाऊन गाडीचं जू धरलं. गाडीवानाला म्हणाला, "उभी कर." पण एकट्या माणसाला तिरडी उचलत नाही. त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. आणखी तिघं हवे होते. आम्ही पुष्कळ होतो. वकील म्हणाले, "आता रस्त्यात तमाशा नको," आणि कोणीच हललं नाही. मीही हललो नाही. राजुरीकराने जू सोडलं आणि वहिनीच्या मागून चालत नदीवर गेला. त्या दिवसापासून तो मंडळात आला नाही. मला भेटला की मान दुसरीकडे करतो.

दुपारी सभा झाली. दुखवट्याचा ठराव मी लिहिला. मंडळाच्या संस्थापकांच्या निधनाने मंडळाची हानी झाली आहे, असं त्यात होतं.

आता प्लेग तसा राहिला नाही. मंडळ आता बाजाराच्या दिवशी लोकांना पाणी पाजतं, मोठे अधिकारी आले की त्यांना हार घालतं. यंदाच्या समारंभात शेठचं काहीतरी व्यासपीठावर असावं, असं वकिलांना वाटलं. त्याचं चित्र कोणी काढलेलं नव्हतं. "निदान पगडी तरी आणा," ते म्हणाले, "खुर्चीवर ठेवू." वहिनी शेठ गेला तेव्हाच दुकान विकून आंबेगावला भावाकडे गेली होती. आणायला जायचं काम माझ्याकडे आलं.

मी पायी गेलो. बैलगाडीत बसवत नाही मला. घोडेगावला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी आंबेगावला पोहोचलो. घोड नदीपासून जवळच तिच्या भावाचं किराणा दुकान. ती आतल्या ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. मी येण्याचं कारण सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"बसा, मास्तर," म्हणाली. पूर्वी भाऊजी म्हणायची. "पाणी घ्या."

मी पाणी घेतलं. ती म्हणाली, "त्या दिवशी पण ठेवलं होतं."

"काय?"

"पाणी. दारात. तुम्ही लोक याल तर पाय धुवायला लागेल म्हणून घागर भरून ठेवली होती. हे मला शेवटपर्यंत सांगत होते, घाबरू नको, तू कुठे जायचं नाहीस, घरात पुरुष नसला की ते स्वतः विचारायला येतात. माझ्याशी भांडले असले तरी येतील. म्हणून मी दार उघडं ठेवून बसले." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "ऊन तुळशीपर्यंत आलं तेव्हा शेजारचा पोरगा गाडीवाल्याला सांगायला गेला. मी नाही पाठवला."

आतून तिचा भाऊ कोणाशी तरी तेलाच्या मापावरून हुज्जत घालत होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"वहिनी, तो नियम नंतर काढला होता," मी म्हणालो. "तो राहिला नव्हता."

"अस्सं." तिला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आम्ही नियम मोडला. तिच्या तोंडावर मला क्षणभर जरा हलकं झाल्यासारखं काही दिसलं, आणि तेच मला सहन झालं नाही. मग तिने विचारलं, "कोणी काढला?"

तिने सहज विचारलं. तांदळातला खडा उचलून बाजूला टाकत विचारलं. मी तिच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणालो, "मंडळाने."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन पगडी घेऊन आली. स्वच्छ पंच्यात गुंडाळलेली होती. "जपून न्या. एकदा धुळीत पडली होती कुठेतरी, डाग गेला नाही. हे म्हणायचे, वाऱ्याने पडली."

मी ती दोन्ही हातांत धरून जुन्नरला आलो. वाटेत कुठे टेकवली नाही. जेवतानाही मांडीवर ठेवली. वेशीपाशी आलो तेव्हा हात भरून आले होते आणि तो दगड तिथेच होता. मी पगडी खाली ठेवली नाही. या वेळी वेशीत मला ती कोणाची म्हणून विचारणारं कोणी नव्हतं.